साथ कोणत्या वाटेने गेली

३ ऑगस्ट २०१८ रोजी चीनच्या ईशान्येकडील शेनयांग शहराजवळच्या डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडल्याचे जाहीर झाले. दोन आठवडे उलटायच्या आत दुसरी नोंद झाली ती थेट हेनान प्रांतातल्या झेंगझौ शहरातल्या कत्तलखान्यात. तिथे दगावलेली डुकरे त्या भागातली नव्हतीच. रशियाच्या सीमेकडच्या जियामुसी भागातून सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून ती आली होती. मका स्वस्त असलेल्या उत्तरेत डुकरे वाढवायची आणि चांगला भाव देणाऱ्या दक्षिणेत ती पाठवायची, हा तिथला नेहमीचा व्यापार. जगातली जवळपास निम्मी डुकरे त्या वेळी एकट्या चीनमध्ये होती, आणि वर्षाच्या आत मुख्य भूमीवरचा एकही प्रांत या रोगातून सुटला नाही. या पहिल्या दोन नोंदी नकाशावर मांडल्या तर दोन ठिपके दिसतात आणि मध्ये भलामोठा प्रदेश कोरा राहतो. प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ आखायचे, आतली डुकरे मारायची, बाहेरच्यांवर लक्ष ठेवायचे, ही जगभरची रूढ पद्धत आहे. भारताच्या २०२०च्या कृती आराखड्यातही बाधित क्षेत्र एक किलोमीटरचे आणि निगराणीचे क्षेत्र दहा किलोमीटरचे धरलेले आहे. वर्तुळे लागतातच, याबद्दल वाद नाही. पण शेनयांगभोवती कितीही मोठे वर्तुळ काढले असते तरी झेंगझौ त्यात आले नसते. पाळीव डुकरांच्या साथीचा नकाशा गावे आणि जिल्हे रंगवून पुरा होत नाही. जिवंत डुकरे, त्यांचे मांस, त्यांना घातले जाणारे खरकटे आणि त्यांची ने-आण करणारी वाहने ज्या वाटांनी फिरतात, त्या वाटा त्यावर असाव्या लागतात. पुढच्या पानांतल्या नकाशांकडे वाचकाने याच दृष्टीने पाहावे, म्हणून ही प्रस्तावना.

आधी रोगाची थोडी ओळख. हा विषाणू माणसाला बाधत नाही. मात्र जगभर पसरलेल्या त्याच्या सध्याच्या वाणाने बाधित झालेले डुक्कर सहसा वाचत नाही. ताप, खाणे बंद, कानांवर आणि पोटावर लाल-निळे डाग, आणि आठवड्या-दीड आठवड्यात मृत्यू. शवविच्छेदनात प्लीहा फुगलेली आणि काळपट दिसते. केनियातल्या या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२१मध्ये माँटगोमेरी यांनी केले. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात वॉर्टहॉग हे रानडुकराच्या कुळातले जनावर आणि त्याच्या बिळातल्या गोचिड्या यांच्यात हा विषाणू फार पूर्वीपासून नांदतो आहे. वॉर्टहॉगला त्याचा त्रास होत नाही. या विषाणूचा चिवटपणा थक्क करणारा आहे. गोठवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे आणि खारवून वाळवलेल्या मांसात महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे त्याला प्रवासासाठी जिवंत डुक्कर लागतच नाही. १९५७मध्ये तो आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा दिसला तो लिस्बनच्या विमानतळाजवळ. विमानांतले उरलेले अन्न तिथल्या डुकरांना घातले गेले होते. २००७मध्ये तो जॉर्जिया देशातल्या पोटी बंदराच्या परिसरात उतरला, तोही बहुधा जहाजावरच्या टाकाऊ अन्नातून. आज युरोपपासून पापुआ न्यू गिनीपर्यंत आणि आपल्या ईशान्य भारतापर्यंत जी साथ पसरली आहे, तिचा उगम त्या बंदरातला. एक विमानतळ आणि एक बंदर. नकाशावर डुकरांची दाटी जिथे आहे तिथे हा रोग आधी आला नाही. दूरच्या अन्नाचे खरकटे जिथे उतरते आणि डुकरांपुढे पडते, तिथे तो आला.

ठिपक्यांच्या नकाशाची मोठी अडचण वेळेची आहे. पहिला ठिपका पडतो तेव्हा साथ बरीच पुढे गेलेली असते. ही अडचण आफ्रिकन स्वाइन फीव्हरपुरती नाही. १९९७मध्ये नेदरलँड्समध्ये क्लासिकल स्वाइन फीव्हर आला. हा वेगळ्या विषाणूचा रोग, पण लक्षणे बरीचशी तशीच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला व्हेनहोर्स्ट गावात पहिला कळप बाधित असल्याचे पक्के झाले. नंतर साथीचा माग काढणाऱ्या संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा दिसले की पहिले निर्बंध लागू होण्याआधीच ३९ कळपांना लागण होऊन गेली होती. विषाणू आला कसा? जर्मनीच्या पाडरबोर्न भागात जाऊन आलेल्या, डुकरे वाहणाऱ्या एका ट्रकमधून, असा निष्कर्ष निघाला. त्या दिवसांत कडाक्याची थंडी होती आणि गोठवणाऱ्या थंडीत ट्रक नीट धुऊन निर्जंतुक करता आला नव्हता. ट्रकच्या तळाशी, फळ्यांच्या फटींत गोठलेली घाण इतक्या मोठ्या साथीला पुरेशी ठरली. पुढे कृत्रिम रेतनासाठी वीर्य पुरवणारी केंद्रेही बाधित निघाली, आणि तिथून वीर्य घेतलेले शेकडो कळप एका फटक्यात संशयित ठरले. नकाशावर हे कळप एकमेकांपासून दूर होते. त्यांना जोडणारा धागा होता तो केंद्राच्या नोंदवहीत. साथ संपेपर्यंत ४२९ कळप बाधित झाले आणि सुमारे एक कोटी डुकरे मारावी लागली. त्यातली बहुतेक आजारी नव्हती. वाहतूक बंद झाल्यामुळे शेडमध्ये जागा उरली नाही, पिले वाढत राहिली, आणि केवळ हाल होऊ नयेत म्हणून ती मारली गेली. अपुऱ्या नकाशाची किंमत मोजायची तर या निरोगी डुकरांपासून सुरुवात करावी लागते. कोणती वाट बाधित आहे हे माहीत नसले की सगळ्याच वाटा बंद कराव्या लागतात.

चार वर्षांनी इंग्लंडमध्ये हेच झाले. २० फेब्रुवारी २००१ रोजी एसेक्समधल्या कत्तलखान्यातल्या डुकरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचे पक्के झाले. मूळ मात्र देशाच्या पार उत्तर टोकाला, हेडन-ऑन-द-वॉल इथल्या डुकरांच्या फार्मवर सापडले. तिथे नीट न उकळलेले खरकटे घातले जात होते. तिथून विषाणू वाऱ्याने जवळच्या मेंढ्यांत गेला, मेंढ्या हेक्सहॅमच्या बाजारात गेल्या, आणि बाजारातून व्यापाऱ्यांच्या गाड्यांनी देशभर. रोग पक्का झाला त्या दिवशी तो किमान ५७ ठिकाणी पोचलेला होता, असे पुढच्या चौकशीत निघाले. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून जास्त जनावरे मारली गेली. या दोन्ही देशांत पशुवैद्यकीय यंत्रणा उत्तम होती, प्रयोगशाळा हाताशी होत्या, शेतकरी शिकलेले होते. तरीही पहिल्या ठिपक्याने फसवले. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये तर ही फसगत आणखी सोपी आहे. त्याची कीर्ती झपाट्याने पसरणाऱ्या रोगाची असली, तरी शेडमध्ये शिरल्यावर तो सुरुवातीला सावकाश चालतो. मोठ्या फार्मवर आठवड्यात दोन-चार डुकरे मरणे कोणाला नवे वाटत नाही. ती दोन-चार कशाने मेली हे विचारले जाईपर्यंत त्याच शेडमधली विक्रीला आलेली डुकरे कधीच रवाना झालेली असतात.

नकाशा नुसता उशिरा काढला गेला तर नुकसान होते. चुकीच्या समजुतीवर काढला गेला तर त्याहून मोठे होते. मलेशियात १९९८च्या सप्टेंबरपासून पेराक राज्यात इपोह शहराच्या आसपास डुकरे पाळणाऱ्या माणसांना मेंदूज्वर होऊ लागला. सरकारी यंत्रणेने तो डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर समजला. त्या समजुतीप्रमाणे डासांवर फवारणी झाली, लोकांना लस दिली गेली. आजारी पडणाऱ्यांत मुले जवळपास नव्हती, डुकरांशी रोजचा संबंध असलेले प्रौढ पुरुषच बहुतेक होते, आणि लस घेतलेलेही आजारी पडत होते. डासांच्या नकाशात यातले काही बसत नव्हते. तोवर घाबरलेल्या पाळणाऱ्यांनी डुकरे मिळेल त्या भावाला विकली. ती दक्षिणेकडे नेगरी सेंबिलान राज्यातल्या बुकिट पेलांदोक भागात गेली आणि मोठा उद्रेक तिथे झाला. मलेशियातून आलेली डुकरे कापणारे सिंगापूरच्या कत्तलखान्यातले कामगारही १९९९च्या मार्चमध्ये आजारी पडले. त्याच महिन्यात चुआ कॉ बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला. सुंगाई निपाह गावावरून त्याला निपाह नाव मिळाले. मलेशियात २६५ माणसे बाधित झाली, त्यातली १०५ दगावली, आणि दहा लाखांहून जास्त डुकरे मारली गेली. कोणी विकले, कोणी घेतले आणि गाडी कुठे गेली, हे प्रश्न पहिल्या दोन महिन्यांत विचारले गेले असते, तर नेगरी सेंबिलानची नोंद कदाचित झालीच नसती. डास जवळच्या घरी जातो. तीनशे किलोमीटरवर उडी मारून मधली गावे मोकळी सोडणारा रोग गाडीने गेलेला असतो.

वाटांच्या या नकाशावर पहिला वजनदार आक्षेप रानडुकरांचा आहे. पूर्व युरोपात हा रोग मुख्यतः रानडुकरांत टिकला, आणि रानडुक्कर ना पावती करते ना ट्रकमध्ये बसते. मग तिथे अंतराचाच नकाशा खरा नाही का? खरा आहे, पण त्याच्या मर्यादेत. रानडुकरांत हा रोग महिन्याला साधारण एक-दोन किलोमीटर सरकतो, असे बाल्टिक देश आणि पोलंडमधल्या निरीक्षणांवरून दिसते. २०१७च्या जूनमध्ये तो चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन भागात उगवला तेव्हा सर्वांत जवळचे बाधित क्षेत्र शेकडो किलोमीटर दूर होते. २०१८मध्ये बेल्जियमच्या जंगलात तो सापडला तेव्हाही तसेच. या वेगाने चालत यायला रानडुकरांना कित्येक वर्षे लागली असती. म्हणजे पसरण्याचे दोन वेग आहेत: रानाचा मंद आणि माणसाचा झेपावणारा. अंतराचा नकाशा पहिल्याला पुरतो, दुसऱ्याला नाही. नवा प्रदेश बाधित करतो तो दुसरा वेग. आपल्याकडेही रानडुकरांची काळजी खोटी नाही. २०२०मध्ये काझीरंगाच्या राष्ट्रीय उद्यानात रानडुकरे आणि गावची डुकरे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आगोराटोली भागात सुमारे दोन किलोमीटर लांबीचा चर खणण्यात आला, आणि मानसच्या गवताळ रानातला पिग्मी हॉग ही तर जगात दुसरीकडे कुठे जवळपास न उरलेली जात. तो चर योग्यच होता. पण चराने अडते ते चालत येणारे डुक्कर. विषाणू आधी आसामात कसा आला, या प्रश्नाला चराजवळ उत्तर नाही.

दुसरा आक्षेप नव्या तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. कोविडच्या काळात विषाणूचे जनुकीय वाचन करून कोणती लागण कुठून आली हे सांगता येत होते. मग डुकरांच्या रोगातही विषाणूच स्वतःची वाट सांगेल, ट्रकच्या नोंदी कशाला धुंडाळायच्या? इथे दोन विषाणूंच्या स्वभावातला फरक आड येतो. कोविडचा विषाणू आरएनएचा; त्यात बदल लवकर साठत जातात. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डीएनएचा, सुमारे १.७ ते १.९ लाख अक्षरांचा, आणि फार सावकाश बदलणारा. जॉर्जियात २००७मध्ये, चीनमध्ये २०१८मध्ये आणि आसामात २०२०मध्ये सापडलेले विषाणू एकाच, म्हणजे क्रमांक दोनच्या जनुकीय गटातले आणि एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत. खंडाखंडातला प्रवास या वाचनातून कळतो: पोटी बंदरातला विषाणू मोझांबिक, मादागास्कर, झांबिया या पट्ट्यातल्या विषाणूंशी जुळला, तो असाच. पण या बाजारातून त्या गावात रोग कोणाच्या गाडीने गेला, हे सहसा त्यातून निघत नाही. ते गाडीवाल्याला, दलालाला आणि पाळणाऱ्यालाच विचारावे लागते.

भारतात हा प्रश्न सर्वांत अडचणीचा होतो. २०१९च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरे मोजली गेली, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी. त्यातली सर्वांत जास्त, सुमारे २१ लाख, आसामात. २०२०च्या सुरुवातीला अरुणाचल आणि आसामात डुकरे मरू लागली आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आफ्रिकन स्वाइन फीव्हरचे निदान पक्के केले. तेव्हा देशभर टाळेबंदी होती. २०२१च्या मार्चमध्ये मिझोरामच्या लुंगलेई जिल्ह्यातल्या लुंगसेन या बांगलादेश सीमेजवळच्या गावात रोग आला आणि त्या राज्यात तो वर्षामागून वर्षे परतत राहिला. मिझोरामात घरामागच्या शेडमध्ये दोन-तीन डुकरे असणे ही घराची बचत असते. मुलांची फी आणि दवाखान्याचा खर्च त्यातून निघतो, आणि नाताळला मांसाची मागणी शिगेला पोचते. २०२२च्या जुलैत हा रोग उत्तर प्रदेशात आणि केरळच्या वायनाडमध्ये, ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या रीवा आणि पंजाबातल्या पटियाळा इथे सापडला. हे ठिपके जोडणारी सलग पट्टी नकाशावर कुठेच नाही. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश इथून ईशान्येकडे जिवंत डुकरांचे ट्रक जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आसामने साथीच्या काळात बाहेरून येणाऱ्या डुकरांवर बंदीही घातली. पण कोणत्या बाजारातून कोणत्या बाजारात, कोणत्या महिन्यात किती डुकरे जातात, याचा नकाशा लोकांपुढे नाही. बंगळूरची राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र संस्था जुन्या नोंदी आणि हवामान यांच्या आधारे जिल्हावार पूर्वसूचना देते. पावसाशी, मातीशी, डासमाश्यांशी बांधलेल्या रोगांसाठी ती मोलाची आहे. डुकरांच्या या रोगाला मात्र पाऊस किती पडला याच्याशी फारसे कर्तव्य नाही. जिल्हा रंगवला की त्यातल्या प्रत्येक गावाला सारखाच धोका आहे असे वाटते. प्रत्यक्षात धोका असतो तो हॉटेलचे खरकटे विकत घेणाऱ्याला आणि परगावची पिले आणणाऱ्याला.

शिवाय कोऱ्या जागा. रोग नाही म्हणून नकाशा कोरा आहे की कोणी कळवले नाही म्हणून, हे नकाशाकडे बघून कळत नाही. २००९च्या केंद्रीय कायद्याने असा रोग दिसताच कळवणे मालकावर बंधनकारक केले आहे. पण कळवल्यावर काय होते? यंत्रणा येते, वर्तुळ आखते, निरोगी डुकरांसह सगळी मारते, आणि भरपाई मिळते ती मारलेल्या डुकरांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. तीही हातात पडायला किती वेळ लागतो, याच्या तक्रारी ईशान्येतून सतत येत आल्या आहेत. उलट पहिले डुक्कर आजारी पडताच उरलेली विकून टाकली तर निदान काही पैसे सुटतात. अशा हिशोबात विकणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. मलेशियातल्या पाळणाऱ्यांनी केले तेच तो करतो, आणि ज्या गाडीने ती डुकरे गेली ती गाडी नकाशावर कधीच येत नाही. झ्लिनमध्ये चेक सरकारने मेलेले रानडुक्कर शोधून देणाऱ्याला बक्षीस दिले. कुंपणे आणि शिकार यांच्या जोडीला या मेलेल्या जनावरांच्या नोंदींनी रोगाची खरी हद्द दाखवली, आणि २०१९मध्ये तो देश रोगमुक्त जाहीर झाला. घरच्या डुकराच्या मृत्यूची वेळेवर खबर देणाऱ्याला तोटा होणार नाही, अशी व्यवस्था करणे आपल्यालाही अशक्य नाही. लशीसाठी जो खर्च करायची तयारी आपण दाखवतो, त्याचा लहानसा भागही त्याला पुरेल, असे मला वाटते.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो. प्रत्येक डुकराची, मालकाची आणि सौद्याची नोंद ठेवायची म्हणजे गरीब माणसावर पाळत ठेवणे नाही का? डेन्मार्कमध्ये कळपाकळपांतली डुकरांची ने-आण मध्यवर्ती नोंदवहीत लिहिली जाते, हे ठीक. तिथला पाळणारा कंपनीच्या मापाचा आहे. महाराष्ट्रात डुकरे पाळणाऱ्यांत कैकाडी आणि वडार समाज पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि दोन्ही विमुक्त जातींच्या यादीत येतात. सरकारी वहीत नाव असणे म्हणजे काय याची या समाजांना फार कडवट ओळख आहे. गुन्हेगार जमात कायद्याखाली पोलिसांच्या हजेरीत उभे राहण्याची आठवण जुनी असली तरी विझलेली नाही. त्यात शहरांतून मोकाट डुकरे पकडण्याच्या मोहिमा होतात, तेव्हा नगरपालिकेचा माणूस यांच्या दारात येतो तो डुकरे उचलून न्यायला. अशा लोकांनी आपल्या डुकरांची संख्या खरी सांगावी, ही अपेक्षा आज अन्यायाची आहे. पण यावरून नोंद ठेवूच नये असे निघत नाही. कोणाची आणि कशासाठी ठेवायची हा प्रश्न निघतो. वाटांच्या नकाशाला माणसाचे नाव लागत नाही. बाजार, कत्तलखाना, रेतन केंद्र, पिलांचा मोठा पुरवठादार आणि ट्रक या मोजक्या ठिकाणांची नोंद पुरते, कारण बहुतेक ने-आण त्यांच्यातूनच होते. अमेरिकेत २०१३मध्ये पिलांना मारणारा हगवणीचा साथरोग पसरला, तेव्हा कत्तलखान्यांत येणाऱ्या ट्रेलरांची तपासणी झाली. शंभरातले सहा-सात ट्रेलर येतानाच बाधित होते आणि त्या आवारांतून आणखी काही बाधित होऊन परतले. कत्तलखान्यांच्या आवारांतच हे कळले, एकाही पाळणाऱ्याच्या घरी न जाता. दोन डुकरांच्या मालकाकडून हवी ती एकच गोष्ट, मृत्यूची खबर, आणि ती ऐकणारा माणूस पोलीस किंवा पालिकेचा नसून गावचा पशुवैद्य असेल तर ती मिळू शकते.

गाईम्हशींच्या कानांत बारा आकडी पिवळा बिल्ला आता गावोगाव दिसतो. डुकरांतही बिल्ले पोचतील तेव्हा पोचतील. पिढीला वर्षही न लागणाऱ्या आणि सहा-आठ महिन्यांत विकल्या जाणाऱ्या जनावरात एकेकाला बिल्ला मारण्यापेक्षा गाडीभर पिलांच्या सौद्याची नोंद हाती लागणे सोपे आहे. तोवर पुढच्या नकाशांत एक बदल आजच करता येण्याजोगा आहे, आणि जिथे माहिती मिळाली तिथे तो केलेला आहे. प्रत्येक ठिपक्यापाशी दोन तारखा छापल्या आहेत: पहिले डुक्कर मेले ती, आणि प्रयोगशाळेने रोग पक्का केला ती. काही ठिकाणी त्यांत आठवड्याचे अंतर आहे, काही ठिकाणी महिन्याहून जास्त. त्या मधल्या दिवसांत त्या गावातून किती गाड्या बाहेर पडल्या आणि कुठल्या बाजारात रिकाम्या झाल्या, याचा शोध तिथल्या पशुवैद्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून घ्यायला हवा.